भोवळ : एका निदानाची हजार वर्षे

चक्कर हा शब्द आपल्या घरांत फार स्वस्त झाला आहे. उन्हात उभे राहिले की चक्कर येते, परीक्षेच्या धास्तीने येते, रमजानमध्ये असरच्या सुमारास येते आणि सत्तरीतले आजोबा पहाटे अंथरुणातून उठताना भिंत धरतात तीही चक्करच. खरे तर आपल्या भाषा या बाबतीत मुळीच गरीब नाहीत. मराठीत भोवळ आहे, घेरी आहे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आहे, झोक जाणे आहे, गरगरणे आहे. उर्दूत दौरान-ए-सर आहे. पण दवाखान्याच्या बाकावर बसले की हे सगळे शब्द गळून पडतात आणि माणूस एवढेच सांगतो, "डॉक्टरसाहेब, चक्कर येते." मग रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, अशक्तपणावर एक बाटली चढते आणि माणूस घरी येतो.

बहुतेक वेळा एवढ्याने भागतेही. अडचण त्या थोड्या लोकांची आहे, ज्यांची चक्कर अचानक सुरू होते आणि थांबतच नाही. छत फिरते, उलट्या होतात, उठून बसवत नाही, आणि हे तासन्‌तास चालते. अशा दोन माणसांना शेजारी शेजारी खाटांवर निजवले तर त्यांच्यात वरवर काहीच फरक दिसत नाही. त्यांतल्या एकाच्या कानाच्या आतली नस सुजलेली असते. तो चार-आठ दिवसांत भिंतीच्या आधाराने चालू लागतो. दुसऱ्याच्या लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्याचे तोंड वाकडे झालेले नसते, हात लुळा पडलेला नसतो, म्हणून त्याला लकवा मारला आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. या दोघांना वेगळे कसे ओळखायचे? या प्रश्नाचा इतिहास मी गेली काही वर्षे सवडीने वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पण या इतिहासाचा एक धागा आपल्या ओळखीच्या ग्रंथातून निघतो, म्हणून तो या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

हा ग्रंथ म्हणजे इब्ने सिना यांचा ‘अल कानून फित तिब’. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेले आणि १०३७ साली हमदानमध्ये वारलेले इब्ने सिना आपल्याकडे बहुधा जलशांतल्या भाषणांत भेटतात. त्यांच्या नावाचा अभिमान सगळ्यांना असतो. ग्रंथात काय आहे ते मात्र क्वचितच कोणी सांगतो. ‘कानून’च्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग क्रमाने दिले आहेत. त्यांत डोक्याच्या रोगांमध्ये ‘दवार’ आणि ‘सदर’ असे दोन शब्द येतात. आजूबाजूच्या वस्तू आणि आपले डोके, आपले शरीरही फिरते आहे असे वाटणे आणि माणूस स्थिर न राहता पडणे, हा दवार. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधार येऊन पडायला होणे, हा सदर. म्हणजे आपल्या मराठीतली गरगर आणि अंधारी या दोन गोष्टी त्यांनी हजार वर्षांपूर्वी वेगळ्या मांडल्या होत्या. ग्रीक वैद्य गॅलन यांचे लेखन नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्ने इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबीत आणले होते, त्या परंपरेवरच इब्ने सिना उभे आहेत. तेव्हा सगळे श्रेय त्यांनाच देण्याचे कारण नाही, आणि त्यांनाही ते रुचले नसते.

मला त्या प्रकरणात सर्वांत आवडते ते पाण्याचे उदाहरण. मूल स्वतःभोवती गरगर फिरते आणि थांबते, तरी त्याला जग फिरताना का दिसते? इब्ने सिना म्हणतात, पाणी भरलेला पेला काही वेळ फिरवून थांबवला तर पेला थांबतो, आतले पाणी फिरतच राहते. तसेच डोक्यातल्या सूक्ष्म वाफा आणि रूह फिरत राहतात. वाफांची कल्पना पुढे टिकली नाही. पण पेल्याचे उदाहरण विसरू नका, ते पुन्हा येणार आहे.

‘कानून’ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांत काही शतके शिकवला गेला. चक्कर हा डोक्याचा, म्हणजे मेंदूचा रोग, ही समजूतही त्याच्यासोबत टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिससारख्या शहरातही अचानक गरगरून पडलेल्या माणसाच्या मेंदूत रक्त साचले आहे असे मानत. उपाय म्हणून जळवा लावत, शीर उघडून रक्त काढत. आधीच उलट्यांनी गळालेल्या माणसाचे आणखी रक्त काढल्यावर त्याची काय दशा होत असेल, याची कल्पना करवत नाही.

ही समजूत मोडली मूकबधिरांच्या संस्थेतल्या एका डॉक्टरने. प्रॉस्पर मेनिएर पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांत काहीजण असे असत की ज्यांना चक्कर येण्याबरोबर कानात आवाज होई आणि ऐकू येणे कमी होई. मेंदूच बिघडला असेल तर कान दर वेळी सोबत का बिघडावा? १८६१ च्या जानेवारीत त्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला आणि चक्करचे मूळ आतल्या कानात असू शकते असे सांगितले. आधारासाठी त्यांनी एका तरुण मुलीची हकिगत दिली. थंडीच्या रात्री उघड्या गाडीवरून प्रवास केल्यावर ती एकाएकी बहिरी झाली, तिला भयंकर चक्कर येऊ लागली आणि पाचव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष निघाला. दोष होता कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये. त्या मुलीला नेमका कोणता रोग होता याविषयी पुढे वाद झाले. पण मुख्य मुद्दा टिकला. अकादमीतल्या श्रोत्यांनी तो फारसा उचलून धरला नाही आणि मेनिएर पुढच्याच वर्षी वारले. कानाच्या एका रोगाला त्यांचे नाव मिळाले ते नंतर.

मेनिएर यांच्या हाताशी कबुतरांचा पुरावाही होता. १८२० च्या दशकात त्यांचेच देशबांधव पिएर फ्लुराँस यांनी कबुतरांच्या कानातल्या या नलिका एकेक करून छेदल्या होत्या. जी नलिका छेदली तिच्याच दिशेत कबुतराची मान झोके घेऊ लागली. ऐकू मात्र त्याला येत होते. या नलिका प्रत्येक कानात तीन असतात आणि साधारणपणे एकमेकींशी काटकोनात असतात. वर्गाच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा मिळतात तशा. १८७३ ते १८७५ या काळात अर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर आणि एडिंबरोचे अलेक्झांडर क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली : डोके फिरते तेव्हा नलिकेतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो, तेच मेंदूला कळते, आणि बराच वेळ फिरून डोके थांबले तर उलटा संदेश जातो. इब्ने सिनांचा पेला डोक्यात कुठे ठेवायचा ते आठशे वर्षांनी कळले. त्याच्या आधारे सगळा शोध त्यांचाच होता असे म्हणण्याची घाई मात्र आपण करू नये. उदाहरण बरोबर होते, जागा चुकली होती, आणि वैद्यकात जागेला महत्त्व असते.

आता डोळ्यांकडे येऊ. गरगर फिरून थांबलेल्या मुलाचे डोळे जवळून पाहिले तर ते एका बाजूला हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, असे सारखे चालते. यान पुर्किन्ये यांनी १८२० च्या दशकात स्वतःला फिरवून घेऊन याचा अभ्यास केला होता. पण या हिसक्यांना निदानाचे साधन बनवले ते व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांनी. हे १८७६ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले. लहानपणी हाडाच्या क्षयाने एक गुडघा कायमचा आखडलेला. ते कानाच्या दवाखान्यात रुग्णांचे कान पिचकारीने धुवत. धुताना काहींना चक्कर येई आणि डोळे हिसके देऊ लागत. पाणी गार आहे अशी एका रुग्णाने तक्रार केली म्हणून त्यांनी ते गरम केले, ते जास्तच गरम झाले, तर पुन्हा चक्कर. मात्र डोळ्यांचे हिसके आता उलट्या दिशेने. दुसरा कोणी असता तर पाणी कोमट करून मोकळा झाला असता. बाराणींना न्हाणीतल्या बंबाची आठवण झाली : तापलेले पाणी वर चढते, गार झालेले खाली बसते. कानातल्या द्रवाचेही तसेच होत असले पाहिजे. १९०६ साली त्यांनी हे मांडले. एका कानात गार पाणी सोडूनही डोळे हलले नाहीत, तर त्या बाजूची यंत्रणा मेलेली आहे, हे एका पिचकारीने कळू लागले.

या कामासाठी १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते तुरुंगछावणीत होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यवैद्य म्हणून गेले असता प्शेमिशलचा किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना पकडून मध्य आशियात नेले. कुठे? मर्वला. अब्बासी काळातले ते विद्येचे शहर, ज्याच्यापासून बुखारा फार लांब नाही. चक्करच्या इतिहासातली दोन मोठी माणसे नऊशे वर्षांच्या अंतराने एकाच मुलखात राहिली, हा निव्वळ योगायोग. पण मला तो फार आवडतो. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे खटपट केली आणि १९१६ मध्ये बाराणी सुटले. व्हिएन्नात सहकाऱ्यांनी त्यांच्यावर इतरांचे श्रेय लाटल्याचे आरोप केले, तेव्हा ते स्वीडनमधल्या उप्सालाला गेले आणि १९३६ साली तिथेच वारले.

१९२१ साली त्यांनी एका २७ वर्षांच्या बाईची हकिगत लिहिली. तिला फक्त उजव्या कुशीवर निजले की चक्कर येई. उगाच बडबड म्हणून सोडून देण्यासारखी ही तक्रार होती. आज आपल्याला ठाऊक आहे की चक्करच्या आजारांत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अंथरुणात कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना, सजद्यात जाताना किंवा उठताना एकदम जग फिरते, आणि मिनिटभराच्या आत थांबते.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली अशा शंभर रुग्णांचा अभ्यास छापला आणि तपासण्याची पद्धत ठरवून दिली. डिक्स यांना शल्यवैद्य व्हायचे होते. दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्याला इजा झाल्याने तो मार्ग बंद झाला. ज्या बाईने डोळ्याची इजा सोसली तिने जगाला दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहायला शिकवले. तपासणी साधी आहे. रुग्णाला खाटेवर बसवतात, मान एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवतात आणि त्याला झटकन उताणे निजवतात, डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबते ठेवून. काही क्षण काही होत नाही. मग डोळे गोल वळसे घेत हिसके देऊ लागतात, आणि थोड्या वेळात शांत होतात. ज्या बाजूला हे दिसले त्या बाजूचा कान दोषी.

दोष तरी काय? आतल्या कानात एका ठिकाणी चुनखडीच्याच जातीचे बारीक स्फटिक असतात. ते सुटून नलिकेत घसरतात. अमेरिकेत हॅरॉल्ड शुकनेक्ट यांनी १९६० च्या दशकात असे खडे नलिकेच्या पडद्याला चिकटलेले पाहिले; १९७९ मध्ये ते द्रवात मोकळे तरंगत असावेत ही कल्पना पुढे आली. ओरेगॉनमधले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांनी म्हटले, मोकळे आहेत तर डोके क्रमाने वळवून ते जिथून निघाले तिथे परत नेता येतील. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, पाच-दहा मिनिटांचे काम. १९८० मध्ये त्यांनी हे समव्यवसायिकांना दाखवले, तेव्हा त्यांची थट्टा झाली. सविस्तर निबंध छापून यायला १९९२ उजाडले. आज ही कृती जगभर केली जाते.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या नात्यातल्या एका खालांना दोन वर्षे हाच त्रास होता. मानेचे एक्स-रे झाले, मणके झिजल्याचे निदान झाले, गळ्यात पट्टा आला, चक्करच्या गोळ्या रोजच्या झाल्या. त्यांनी पाठीवर निजणेच सोडले होते. खुर्चीत बसून झोपत. मोहल्ल्यात काहींनी नजर उतरवली, काहींनी पाणी दम करून दिले. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका तरुण डॉक्टरांनी त्यांना खाटेवर निजवून डोळे पाहिले, डोके चार वेळा वळवले आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावले. खाला आता अंथरुणावर निजतात. दोन वर्षांत आधी कोणी त्यांना निजवून पाहिलेच नव्हते. पट्टा अजून कपाटात आहे.

पण सुरुवातीला सांगितलेल्या दोन खाटांचा प्रश्न यातून सुटत नाही. त्या माणसांची चक्कर कूस बदलल्याने येत नाही, ती सुरूच आहे. त्यांना निजवण्याची ही कसोटी तिथे उपयोगाची नाही, आणि एपलींची कृती तर नाहीच. अमेरिकेत १९७२ पासून एक रीत रुळली होती : रुग्णाला विचारा, चक्कर म्हणजे नेमके काय वाटते? गरगर, अंधारी, तोल जाणे की नुसते डोके हलके? उत्तरावरून रोगाचा गट ठरवा. ही दवार आणि सदरची जुनीच वाट. २००७ साली डेव्हिड न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न त्याच रुग्णांना काही मिनिटांनी फिरून विचारला, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी उत्तर बदलले. त्यांचा खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. ज्याचे जग फिरते आहे त्याच्याकडून शब्दकोशातला नेमका शब्द मागणेच गैर. कधी सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने येते, ही उत्तरे त्या मानाने पक्की निघाली. आणि डोळे तर बोलीवर अवलंबूनच नसतात. दख्खनी बोलणारी आजी आणि मराठी बोलणारे डॉक्टर यांच्यामध्ये ही फार मोठी सोय आहे.

१९८८ मध्ये सिडनीच्या मायकेल हलमाजी आणि इयन कर्थॉइस यांनी एक तपासणी सांगितली. रुग्णाने डॉक्टरच्या नाकाकडे टक लावून पाहायचे. डॉक्टर त्याचे डोके दोन्ही हातांत धरून झटकन थोडेसे वळवतात. कान धड असेल तर डोळे नाकावरच राहतात. कानाची नस लुळी असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. सारा खेळ ती एक उडी दिसण्याचा. आता इथे वाचकांनी जरा थांबावे, कारण पुढची गोष्ट उलटी आहे. सतत चक्कर येत असलेल्या, डोळे हिसके देत असलेल्या रुग्णात ही उडी दिसली तर डॉक्टरला हायसे वाटते : दोष कानाचा दिसतो. उडी दिसली नाही, म्हणजे तपासणी ‘चांगली’ आली, तर धास्ती. कान धड आहे, तर मग गरगर मेंदूतून येत असली पाहिजे.

न्यूमन-टोकर, हॉर्हे कट्टाह आणि सहकाऱ्यांनी हिला आणखी दोन गोष्टी जोडल्या. डावीकडे आणि उजवीकडे पाहताना हिसक्यांची दिशा बदलते का? कानाच्या रोगात ती सहसा एकच राहते. बदलली तर मेंदू. आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकला असता, उघडा होणारा डोळा वर किंवा खाली सरकून जागेवर येतो का? आला तर मेंदू. २००९ साली त्यांचा निबंध आला. सतत चक्कर असलेले आणि झटक्याचा धोका असलेले १०१ रुग्ण. त्यांतल्या ७६ जणांचा दोष मेंदूत होता. तिन्ही तपासण्यांनी मिळून त्या सर्वांना बरोबर पकडले. सुरुवातीच्या एम.आर.आय.ला मात्र १२ टक्के झटके दिसलेच नव्हते, कारण पहिल्या दोन दिवसांत मेंदूच्या मागच्या भागातली लहान इजा त्या यंत्रातूनही निसटते. साध्या सी.टी. स्कॅनवर तर ताजी इजा बहुधा दिसतच नाही. "स्कॅन नॉर्मल आहे, घरी जा," या वाक्यावर आपण जो सुटकेचा श्वास सोडतो, तो अशा वेळी फार महाग पडू शकतो.

याचा अर्थ हातांनी यंत्रावर मात केली, असा नाही. कट्टाह यांचे डोळे आयुष्यभर डोळेच पाहत आलेले. हीच तपासणी न शिकलेल्या हातांनी केली तेव्हा निकाल तितके चांगले आले नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ती प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावी असे म्हटले आहे. तिला लागणारे साहित्य म्हणजे दोन हात आणि थोडा उजेड. शिक्षणाला मात्र खर्च आणि वेळ लागतो. तालुक्याच्या गावी यंत्र येण्याची वाट आपण वर्षानुवर्षे पाहतो, त्यासाठी निवेदने देतो. तिथल्या डॉक्टरांना आठवडाभर ही विद्या कोणीतरी शिकवावी, असे निवेदन मी तरी अजून पाहिलेले नाही.

घरच्यांनी कोणाचे डोके हिसडून पाहू नये, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांना पाहता येईल ते वेगळे आहे. चक्कर आलेला माणूस आधाराशिवाय बसू शकतो का, उभा राहू शकतो का? कानाच्या रोगात तो झुकतो, भिंत धरतो, पण बहुधा चालतो. मुळीच उभे राहता येत नसेल तर वेळ घालवू नये. जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, घास गिळता येईना, अर्धे अंग बधिर वाटू लागले, मानेत किंवा डोक्यात पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र कळ आली, तर तो रक्तदाबाचा किंवा पित्ताचा त्रास समजून सकाळची वाट पाहू नये; रात्री असेल तर रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यावे. आणि आता खिशाखिशात कॅमेरा आहे. चक्कर चालू असताना उजेडात डोळ्यांचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवले, माणसाला समोर, डावीकडे आणि उजवीकडे पाहायला सांगून, तर पोहोचेपर्यंत हिसके थांबले तरी डॉक्टरला ते पाहता येतात.